रिकाम्या जागा भरा
कोंडीशास्त्र प्रवेशिका : नवशिक्या वाहनचालकांसाठी

प्रस्तावना

विद्यार्थीमित्रहो, रस्त्यावर कोंडी 'होते' असं लोक म्हणतात. सर्दी होते, उशीर होतो, तशी कोंडी होते. व्याकरणानं हे वाक्य बरोबर असेल, पण त्यात कष्टकऱ्यांवर अन्याय आहे. कोंडी करावी लागते. हजारो उजवे पाय तासन् तास ॲक्सिलरेटर आणि ब्रेक यांच्यामध्ये येरझारा घालतात, तेव्हा कुठे एक बऱ्यापैकी कोंडी उभी राहते. आणि त्यातल्या एकाही पायाची कुणी दखल घेत नाही.

आजवर ही विद्या आपण क्लास न लावता शिकलो. आता मात्र दिवस बदलले आहेत. स्वतःच्या स्वतः चालणाऱ्या आणि एकमेकींशी बिनतारी बोलणाऱ्या गाड्या येऊ घातल्या आहेत. या गाड्यांना घाई नसते. पुढे कुणी घुसला तर त्यांचा पाणउतारा होत नाही. मागच्यानं हॉर्न वाजवला तर आपल्या घराण्याचा उद्धार झाला असं त्यांना वाटत नाही. अशा प्रतिस्पर्ध्यापुढे पिढीजात कला टिकवायची तर ती मुळापासून शिकायला हवी.

घाबरण्याचं कारण नाही. अख्खा अभ्यासक्रम एका प्रश्नात मावतो, आणि तो प्रश्न आपण पहिलीपासून सोडवत आलो आहोत : रिकाम्या जागा भरा.

पाठ पहिला : शून्यातून कोंडी

साहित्य : गाड्या २२. गोल रस्ता एक, परीघ २३० मीटर. चालक गाडीगणिक एक, शक्यतो सज्जन. सिग्नल, खड्डा, गाय, वरात, टोलनाका यांपैकी काहीही नको.

कृती : हा पदार्थ जपानमधल्या नागोया विद्यापीठाचे युकी सुगियामा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी करून दाखवला आणि २००८ मध्ये त्याची पाककृती प्रसिद्ध केली. बावीसही गाड्या गोल रस्त्यावर सारख्या अंतरानं सोडाव्यात. सगळ्यांना सांगावं, ताशी ३० किलोमीटरच्या आसपास चाला, पुढच्याला धडकू नका. मग बाजूला उभं राहून वाट पाहावी. थोडा वेळ सगळं गोड चालतं. मग कुणाचा तरी पाय किंचित हलतो. त्याच्या मागचा थोडा जास्त हळू होतो. त्याच्या मागचा आणखी. आणि काही वेळातच वर्तुळात कुठेतरी चार-पाच गाड्या चक्क उभ्या असतात. पुढची सुटते, मागून नवी येऊन अडकते. गाड्या पुढे जात राहतात आणि कोंडी मात्र ताशी सुमारे २० किलोमीटरनं मागे मागे सरकत जाते.

स्पष्टीकरण : माणसाला पुढच्याचा लाल दिवा दिसला की पाय ब्रेकवर पोचेपर्यंत साधारण एक सेकंद जातो, कधी जास्तही. उशीर झाला म्हणून आपण थोडा जोरात दाबतो. मागच्याला ते आणखी उशिरा कळतं, तो आणखी जोरात दाबतो. देवळातल्या दर्शनाच्या रांगेत हेच होतं. पुढे कुणीतरी दोन क्षण जास्त हात जोडून उभं राहतं आणि बऱ्याच वेळानं, पार जिन्याखाली, एका अनोळखी माणसाचा अंगठा दुसऱ्या अनोळखी माणसाच्या टाचेखाली येतो. ज्यानं हात जोडले तो तोवर प्रसाद घेऊन घरी पोचलेला असतो.

या लाटेचं गणित जुनं आहे. जेम्स लाइटहिल आणि जेराल्ड व्हिटम या ब्रिटिश गणितज्ञांनी १९५५ मध्ये ते मांडलं. त्यांच्या लेखाचे दोन भाग आहेत. पहिला लांब नद्यांमधल्या पुराच्या लाटेवर, दुसरा लांब रस्त्यांवरच्या गर्दीवर. पुराला आणि आपल्याला एकच समीकरण लागू पडतं, हा या विषयाचा केवढा सन्मान!

महत्त्वाची सूचना : २३० मीटरला २२ नी भागलं तर गाडीगणिक साडेदहा मीटर येतात. त्यातून गाडीची स्वतःची लांबी वजा केली की पुढे सहाएक मीटरची मोकळी जागा उरते. कोंडीचं बीज त्या सहा मीटरमध्ये असतं. ती जागा दिसली रे दिसली की भरायची आणि भरली की करकचून ब्रेक मारायचा. एवढं जमलं तरी निम्मा अभ्यासक्रम झाला.

पाठ दुसरा : मित्र कोण, शत्रू कोण

नवशिका विद्यार्थी 'स्वयंचलित' हा शब्द ऐकूनच हातपाय गाळतो. त्यानं आधी दोन प्रकारांतला फरक समजून घ्यावा. काही गाड्यांना डोळे असतात : रडार, कॅमेरा. काहींना त्यावर कान आणि तोंडही असतं, म्हणजे त्या रेडिओ लहरींवरून इतर गाड्यांशी बोलतात. नुसत्या डोळ्यांच्या गाडीला घाबरू नये. ती बऱ्याचदा आपल्यातलीच निघते.

पुढच्या गाडीपासून आपोआप अंतर राखणारी क्रूझ कंट्रोलची सोय आता कितीतरी गाड्यांत मिळते. अमेरिकेत अशा सात वेगवेगळ्या मॉडेलच्या गाड्या संशोधकांनी तपासल्या. पुढच्या गाडीनं वेग थोडा कमी केला की मागच्या यंत्रानं तो धक्का विझवायला हवा. सातही गाड्यांनी तो वाढवला. कानगोष्टींच्या खेळात पहिल्यानं 'आज वांग्याचं भरीत' म्हणावं आणि शेवटच्यानं 'आग लागली, पळा' असं ओरडावं, तसा प्रकार. अशा गाड्यांची रांग लावली तर सुगियामांच्या सज्जन जपानी चालकांनाही त्या लाजवतील. कारण साधं आहे. यंत्र झालं म्हणून काय, त्याला दिसतं ते फक्त पुढच्याचं बूड. पुढच्याच्या पुढे काय चाललंय हे त्यालाही आपल्याइतकंच ठाऊक.

खरा शत्रू म्हणजे बोलकी गाडी. पाच गाड्यांपलीकडे कुणी ब्रेकला पाय लावला की त्याच क्षणी तिला खबर लागते. मधल्या चौघींना घाबरायची सवडही मिळत नाही. त्यामुळे ती पुढच्या गाडीच्या बरीच जवळून चालू शकते. ताशी १०० किलोमीटर वेगात एका सेकंदात गाडी जवळजवळ २८ मीटर जाते. दोन सेकंदांचं अंतर ठेवायचं तर पुढे ५५ मीटर मोकळा रस्ता हवा. कॅलिफोर्नियात स्टीव्हन श्लॅडोव्हर आणि सहकाऱ्यांनी बोलक्या गाड्या लोकांच्या हाती दिल्या, तेव्हा लोकांनी ०.६ ते १.१ सेकंदांची अंतरं आनंदानं पसंत केली. मग त्यांनी संगणकावर अख्खा महामार्ग अशा गाड्यांनी भरून पाहिला. एका लेनमधून तासाला जिथे सुमारे २,००० गाड्या जातात तिथे आकडा ४,००० च्या आसपास गेला. नुसत्या डोळ्यांच्या गाड्यांनी मात्र फारसा फरक पडला नाही.

हे स्वप्न आजचं नाही. ऑगस्ट १९९७ मध्ये सॅन दिएगोजवळच्या आय-१५ महामार्गावर आठ ब्युइक गाड्या ताशी ९६ किलोमीटर वेगानं एकामागोमाग धावल्या. दोन गाड्यांत अंतर साडेसहा मीटर, रस्त्यात पुरलेली चुंबकं वाटाड्या आणि चालकांचे हात मांडीवर. त्याला आता पाव शतक उलटून गेलं आणि आपण अजूनही क्लचवर पाय ठेवून बसलो आहोत. यावरून विद्यार्थ्यांनी धीर घ्यावा.

प्रतिकार : पातळ करा. बोलकी गाडी बोलणार कुणाशी? शेजारीण मुकी असेल तर तिचा उपयोग शून्य. रस्त्यावर दहात एक गाडी बोलकी असली, तर एकामागोमाग दोन बोलक्या येण्याची शक्यता शंभरात एक. निम्म्या बोलक्या झाल्या तरी चारांत एकच जोडी जमते. म्हणजे पहिल्या काही वर्षांत गाडी घेणाऱ्यानं पैसे मोजायचे आणि फायदा कुणालाच दिसायचा नाही. सोसायटीत लिफ्टसाठी वर्गणी गोळा करताना तळमजल्यावरचे जो प्रश्न विचारतात, तो प्रश्न प्रत्येक ग्राहकानं विचारला की आपलं काम झालं.

पाठ तिसरा : एका मवाळ गाडीचा उपद्रव

मागच्या पाठात विद्यार्थी निर्धास्त झाले असतील, तर त्यांनी आता सावध व्हावं. रस्त्याची वहनक्षमता दुप्पट करायला बोलक्यांची फौज लागते, हे खरं. पण लाट मोडायला एखादीच गाडी पुरते.

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात, टूसॉन शहरी, २०१६ मध्ये काही संशोधकांनी नागोयाचीच पाककृती केली. परीघ २६० मीटर, गाड्या विसेक, चालक माणसं. ठरल्याप्रमाणे लाट उठली. गाड्या धावताहेत, थांबताहेत, पुन्हा धावताहेत. सारं कसं उत्तम चाललं होतं. मग त्यातल्या एका गाडीचा ताबा यंत्राकडे गेला. तिनं काही चमत्कार केला नाही. रांगेचा सरासरी वेग ओळखला आणि तो धरून शांतपणे चालत राहिली. पुढची गाडी सुसाट पळाली तरी ही मागे धावली नाही. पुढची थांबायला आली तेव्हा मधलं अंतर कमी झालं, पण हिला ब्रेक लावावा लागला नाही. लोहाराच्या भात्यासारखी तिच्यापुढची जागा फुलत होती, मिटत होती. लाट त्या जागेत शिरली आणि तिथेच जिरली. मागच्या माणसांनाही मग ब्रेक मारायला निमित्त उरलं नाही. सगळ्या रांगेचं मिळून इंधन ४० टक्क्यांपर्यंत वाचलं. विसांत एक गाडी, म्हणजे पाच टक्के. वीस जणांच्या घामावर एकीनं पाणी ओतलं.

पुढे हे लोक वर्तुळ सोडून खऱ्या महामार्गावर उतरले. नोव्हेंबर २०२२ मध्ये टेनेसी राज्यातल्या नॅशव्हिल शहराजवळ, आय-२४ वर, सकाळच्या गर्दीत १०० गाड्या सोडण्यात आल्या. वर खांबांवर शेकडो कॅमेरे, खाली कामावर निघालेले बेसावध नागरिक आणि त्यांच्यात मिसळलेल्या या शंभर समंजस गाड्या.

प्रतिकार : कट मारा. वर्तुळाला एकच लेन असते. महामार्गाला शेजार असतो. मवाळ गाडी पुढे जागा सोडते, म्हणजे ती जागा कुणाची तरी वाट पाहत असते. आरशात बघून इंडिकेटर देण्यात वेळ घालवू नये. आधी गाडीचं नाक घालावं, बाकीची गाडी आपोआप मागून येते. बिचारं यंत्र पुन्हा मागे सरून नवी जागा तयार करील. ती आपल्या मागच्यासाठी.

(शिक्षकांसाठी टीप : एक गाडी पुढे घुसल्यानं मवाळ गाडीचे फार तर दोन सेकंद जातात. दहा जण घुसले तरी वीस सेकंद. हा हिशेब वर्गात करून दाखवू नये.)

पाठ चौथा : चौक, जाळं आणि मोह

इथवर आपण एका सरळ रस्त्याचा विचार केला. शहर म्हणजे रस्त्यांचं जाळं, आणि जाळ्यात गुंता करायला अनुभवी हात लागतात.

आधी चौक. टेक्सास विद्यापीठातल्या कर्ट ड्रेसनर आणि पीटर स्टोन यांनी २००४ मध्ये सिग्नलच नसलेल्या चौकाची कल्पना मांडली. चौकाचे बारीक चौकोन पाडायचे. येणारी प्रत्येक गाडी आगाऊ आरक्षण करणार : अमुक क्षणी हे हे चौकोन माझे. चौकाचा व्यवस्थापक संगणक होकार देणार आणि चारही बाजूंच्या गाड्या न थांबता एकमेकींच्या मधून कात्रीसारख्या निघून जाणार. संगणकावर हे दृश्य पाहताना आपल्याच पोटात गोळा येतो. यावर आपण फक्त एक प्रश्न विचारायचा. पिशवी घेतलेली आजी रस्ता कशी ओलांडणार? आजीला आरक्षण काढता येत नाही. आजीसाठी सगळ्यांना थांबवायचं तर सिग्नल आलाच, आणि सिग्नल आला की आपण आलोच.

आता जाळं. पुढचं उदाहरण वहीत उतरवून घ्या, परीक्षेला हमखास येतं. जर्मन गणितज्ञ डीट्रिश ब्रेस यांनी १९६८ मध्ये सांगितलेल्या विरोधाभासाचं हे शाळेत शिकवतात ते रूप आहे.

अ गावाहून ब गावी ४,००० गाड्या निघतात. मार्ग दोन. प्रत्येक मार्गावर एक अरुंद पूल आणि एक रुंद रस्ता. रुंद रस्त्यावर कितीही गर्दी असो, ४५ मिनिटं लागतात. पुलावर जितक्या गाड्या, भागिले शंभर, तितकी मिनिटं. एका मार्गावर पूल आधी येतो, दुसऱ्यावर नंतर. गाड्या निम्म्या निम्म्या वाटल्या जातात. २० अधिक ४५, सगळे ६५ मिनिटांत घरी.

आता लोकाग्रहास्तव दोन पुलांना जोडणारा एक चकाचक जोडरस्ता बांधा. इतका चांगला की त्यावर वेळच लागत नाही. फीत कापा. पहिला हुशार चालक हिशेब करतो : इकडचा पूल २० मिनिटं, तिकडचा पूल २० मिनिटं, ४० मिनिटांत घरी! दुसऱ्या दिवशी त्याचा शेजारी तेच करतो. महिनाभरात चारही हजार गाड्या दोन्ही पुलांवर. ४० अधिक ४०, सगळे ८० मिनिटांत घरी. आणि आता जुन्या वाटेला परत जावं तर ८५ मिनिटं. नवा रस्ता झाला आणि प्रत्येकाची १५ मिनिटं गेली. यात मूर्खपणा कुणीही केलेला नाही, हे या उदाहरणाचं सौंदर्य.

हुशारी प्रत्येकाच्या खिशात पोचली की काय होतं, हे न्यू जर्सीतल्या लिओनिया या गावाला विचारा. जॉर्ज वॉशिंग्टन पुलाजवळचं हे लहानसं गाव. फोनमधले नकाशे गर्दीच्या वेळी महामार्गावरच्या गाड्या तिथल्या गल्ल्यांतून सोडू लागले. शेवटी जानेवारी २०१८ मध्ये गावानं आपले साठेक रस्ते गर्दीच्या वेळात बाहेरच्यांना बंद करून टाकले.

बोलक्या गाड्यांना यावर उपाय ठाऊक आहे. सगळ्यांनी मिळून ठरवलं की जोडरस्त्याकडे बघायचं नाही, निम्म्यांनी इकडून जायचं, निम्म्यांनी तिकडून, तर पुन्हा ६५ मिनिटं. पण विद्यार्थीमित्रहो, त्याच क्षणी जोडरस्ता मोकळा पडलेला असेल आणि एकट्यासाठी तो ४० मिनिटांचा असेल. तिथे तुमची गाडी कुणाचं ऐकणार? जाळ्याचं की पैसे भरलेल्या मालकाचं? गाडीच्या जाहिरातीत 'सर्वांना पंधरा मिनिटं लवकर पोचवते' असं छापलेलं कुणी पाहिलंय? 'तुम्हाला' हा शब्द त्यात असतोच. जोवर तो शब्द आहे तोवर आपल्या शास्त्राला मरण नाही.

पाठ पाचवा : ब्रह्मास्त्र

समजा, सगळे प्रतिकार फसले. सगळ्या गाड्या बोलक्या झाल्या, मवाळ झाल्या, आज्ञाधारक झाल्या. लाटा विरल्या, लेनमधून दुप्पट गाड्या वाहू लागल्या. तरी हातपाय गाळू नयेत. या वेळी तुम्हाला काहीही करावं लागणार नाही. फक्त रस्ता मोकळा आहे ही बातमी पसरू द्यावी.

जाईल कुठे मोकळी जागा? जाईजुईचा मांडव घालायला तर कुणी रस्ता मोकळा ठेवत नाही. आज गर्दीला कंटाळून लोकलनं जाणारा उद्या गाडी काढेल. आठवड्यातून एकदा मंडईत जाणारा तीनदा जाईल. कुणी आणखी वीस किलोमीटर लांब स्वस्तातला फ्लॅट घेईल, कारण प्रवासात आता झोप काढता येते. जिल्स ड्युरांटन आणि मॅथ्यू टर्नर या अर्थतज्ज्ञांनी २०११ मध्ये अमेरिकी शहरांतल्या महामार्गांचा हिशेब मांडला. रस्ता जितक्या टक्क्यांनी वाढला, गाड्यांचे किलोमीटर जवळपास तितक्याच टक्क्यांनी वाढले. मग ती जागा डांबर ओतून मिळवलेली असो की गाड्या जवळ आणून, भरणाऱ्याला काय फरक पडतो?

चालकाविना गाडी आली की लोक कसे वागतील, हे पाहण्याची एक झकास युक्ती कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी काढली. तेरा जणांना त्यांनी आठवडाभरासाठी साठ तासांचा चालक फुकट दिला. गाडी तुमची, चालक आमचा, स्वयंचलित गाडी आली असं समजा. त्या आठवड्यात या लोकांच्या गाड्यांचे किलोमीटर ८३ टक्क्यांनी वाढले. काही फेऱ्यांत मालक गाडीत नव्हताच. गाडी एकटीच कुणाला आणायला निघाली होती, नाहीतर कुणाला सोडून परत येत होती. हा २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग लहान आहे, पण आपल्याला त्यातून मोठं बळ मिळतं.

त्याहून सुंदर प्रश्न पार्किंगचा. गाडी स्वतः चालते, तर तिला पार्किंगचे पैसे भरून उभी कशाला करायची? तुम्ही दुकानात जा, ती बाहेर चकरा मारील. ॲडम मिलार्ड-बॉल या संशोधकानं सॅन फ्रान्सिस्कोच्या मध्यवस्तीसाठी हा हिशेब केला, तेव्हा अशा चकरांचा खर्च तासाला साधारण अर्धा डॉलर निघाला. पार्किंगपेक्षा कितीतरी स्वस्त. आणि जितकं हळू फिरावं तितकं आणखी स्वस्त! म्हणजे रस्त्यावर रिकाम्या गाड्या, एकमेकींना वाट न देता, मुद्दाम हळू, तासन् तास. इतकी परिपूर्ण कोंडी करायला आपल्याला माणसं लागत होती. पुढची पिढी माणसांशिवाय करून दाखवील.

यावर विरोधकांकडे उपाय नाहीत असं नाही. गर्दीच्या वेळी रस्त्यावर यायचे पैसे घ्या, रिकाम्या गाडीला जास्त आकारा, वाचलेली जागा बसला द्या, असं ते म्हणतात. हे उपाय कामाचे आहेत, म्हणूनच ते निवडणुकीच्या जाहीरनाम्यात सापडत नाहीत.

परिशिष्ट : महाराष्ट्रातल्या विद्यार्थ्यांसाठी

आपल्या विद्यार्थ्यांना अभ्यासाला मुदतवाढ मिळाली आहे. डिसेंबर २०२३ मध्ये नागपुरात बोलताना केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी सांगितलं की चालकविरहित गाड्या ते भारतात येऊ देणार नाहीत, कारण त्यानं चालकांच्या नोकऱ्या जातील. २०१७ मध्येही ते हेच म्हणाले होते. रडारनं अंतर राखणाऱ्या गाड्या मात्र आपल्या शोरूममध्ये केव्हाच आल्या आहेत. दुसऱ्या पाठात पाहिल्याप्रमाणे त्या मित्रपक्षात मोडतात.

शिवाय इथली भूमी मुळातच सुपीक आहे. वर सांगितलेली सगळी गणितं लेन नावाच्या वस्तूवर उभी आहेत. एकामागे एक गाडी, मध्ये अंतर. आपल्याकडे अंतर हे लांबीत मोजत नाहीत, हँडलच्या रुंदीत मोजतात. इंडियन रोड्स काँग्रेसच्या १९९० च्या शहरी रस्त्यांच्या मार्गदर्शिकेत प्रत्येक वाहनाचं 'कार' या मापात वजन दिलेलं आहे. दुचाकी म्हणजे अर्धी ते पाऊण कार, बस म्हणजे सव्वादोन ते पावणेचार कारच्या आसपास, आणि हातगाडीसुद्धा दोन ते तीन कार. ज्या देशात एक हातगाडी दोन मोटारींना भारी आहे, तिथे दोन सेकंदांची जागा सोडणाऱ्या यंत्राचं काय होईल, याचं चित्र डोळ्यांसमोर आणा. पुण्याच्या एखाद्या चौकात ते उभं आहे. सिग्नल सुटला. त्याच्यापुढच्या जागेत डावीकडून एक स्कूटर शिरली, उजवीकडून रिक्षानं पुढचं चाक घातलं, एका काकूंनी हात दाखवून रस्ता ओलांडायला घेतला. यंत्रानं सगळ्यांना नम्रपणे जागा दिली. सिग्नल लागला. ते अजून तिथेच आहे.

स्वाध्याय

प्रश्न १. रिकाम्या जागा भरा.
(अ) पुढच्या गाडीनं ब्रेक मारला की आपण त्याहून ______ मारावा.
(आ) आपल्यापुढची मोकळी जागा ही ______ मालकीची असते.
(इ) रस्ता रुंद केल्यावर तो ______ वर्षांत भरतो. (आपल्या गावाचा आकडा लिहा.)

प्रश्न २. कारणं द्या : मागे वाजवलेला हॉर्न पाच गाड्यांपलीकडच्या ब्रेकला ऐकू जात नाही, तरी तो वाजवावा.

प्रश्न ३. प्रात्यक्षिक : पुढची गाडी एका खांबाजवळून गेली की मनात 'एक हजार एक, एक हजार दोन' म्हणा. तेवढ्यात आपण खांबापाशी पोचलो नाही, तर अस्वस्थ वाटतं का? वाटत असेल तर प्रात्यक्षिकाचे पूर्ण गुण.

गोपनीय : फक्त परीक्षकांसाठी

टूसॉनच्या प्रयोगातली एक गोष्ट तिसऱ्या पाठातून मुद्दाम वगळली आहे. तिथे हा प्रयोग एकाहून अधिक वेळा झाला. त्यातल्या एका वेळी मवाळ गाडीचा वेग यंत्र सांभाळत नव्हतं. कसं चालवायचं हे नीट शिकवलेला एक माणूस ती चालवत होता. सरासरी वेग धर, पुढच्याच्या मागे धावू नकोस, जागा फुलू दे, मिटू दे. लाट त्यानंही विझवली. यंत्र नाही, एक उजवा पाय तेवढा. ही बातमी विद्यार्थ्यांपर्यंत पोचू नये याची काळजी घ्यावी, कारण असे पाय आपल्या रस्त्यांवरही अधूनमधून आढळतात.

प्रस्तुत लेखकाला असा एक इसम बोरघाटात भेटला. रविवारची संध्याकाळ, मुंबईकडे उतरणारी गर्दी, तिन्ही लेन भरलेल्या. आमची भाड्याची गाडी एका लाकडं भरलेल्या ट्रकच्या मागे सापडली. ट्रकवाला खालच्या गिअरमध्ये एकाच चालीनं उतरत होता. त्याच्यापुढे चांगली चार गाड्यांची जागा. लोक त्यात घुसत होते, पुढे जाऊन अडकत होते, ब्रेक मारत होते. जागा कमी व्हायची, पुन्हा वाढायची. याची चाल तीच. आमच्या चालकानं सुरुवातीला दोनदा डिपर दिला, चारदा हॉर्न वाजवला. मग तो गप्प झाला. मग त्याचा पाय ब्रेकवरून उठला तो बराच वेळ परत गेलाच नाही. मी थर्मासच्या झाकणात चहा ओतून घेतला. घाटात. तो सांडला नाही.

शेजारच्या लेनमधली एक पांढरी गाडी आम्हाला तीनदा ओलांडून गेली आणि तीनदा मागे पडली. खालापूरच्या टोलनाक्यावर पाहिलं, ती आमच्या दोन गाड्या पुढे होती. तिच्या चालकाला आम्ही पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण केलं.

ट्रकवाल्याचाही निकाल इथे नोंदवून ठेवतो. अनुत्तीर्ण. शेरा : रिकामी जागा कोरी सोडली.